त्याला आधीच ठाऊक असते: 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) आणि 'यूव्ह गॉट मेल' (१९९८)

नीरजा

एर्न्स्ट लुबिच यांचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' आणि त्याच कथेवर नोरा एफ्रन यांनी अठ्ठावन्न वर्षांनी केलेला 'यूव्ह गॉट मेल' हे दोन चित्रपट मी नुकतेच लागोपाठ पाहिले. कथेचा सांगाडा दोन्हींत एकच आहे. पत्रांतून एकमेकांवर जीव जडलेली दोन माणसे प्रत्यक्षात एकमेकांना पाण्यात पाहत असतात आणि आपला पत्रमित्र तो हाच, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नसते. मग भेटीचा दिवस ठरतो. ती एका कॅफेत ओळखीची खूण म्हणून पुस्तक आणि फूल ठेवून वाट पाहते. १९४० मध्ये पुस्तक 'अ‍ॅना कॅरेनिना' आणि फूल कार्नेशनचे, तर १९९८ मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणि गुलाब. नायक स्वतः पुढे होत नाही, सोबतच्या सहकाऱ्याला काचेतून डोकावायला लावतो, ती कोण हे कळल्यावर हबकतो आणि थोड्या वेळाने आत जाऊन पत्रलेखक म्हणून नव्हे तर तिचा नेहमीचा नावडता माणूस म्हणून तिच्यासमोर बसतो. तिथपासून शेवटच्या दृश्यापर्यंत त्याला सगळे ठाऊक असते आणि तिला काहीही नाही.

माझा प्रश्न या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. जेम्स स्टुअर्टचा क्रॅलिक ही गोष्ट लपवतो तेव्हा मला ती खोडी वाटते, क्वचित थोडी लांबलेली, पण खोडीच. टॉम हँक्सचा जो फॉक्स तेच करतो तेव्हा मात्र मी अस्वस्थ होते, कारण मधल्या काळात त्याच्या अवाढव्य पुस्तकदालनामुळे मेग रायनच्या कॅथलीनचे आईकडून आलेले बालपुस्तकांचे दुकान बंद पडलेले असते, आणि तिचे सांत्वन करणारा अनोळखी मित्रही तोच असतो. हा फरक पटकथेत आहे, काळात आहे की केवळ माझ्या बघण्यात आहे? ज्यांनी दोन्ही चित्रपट नीट पाहिले आहेत त्यांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

श्रीरंग

फरक पटकथेत आहे आणि तो कॅफेतल्या दृश्याच्या बऱ्याच आधी सुरू होतो, असे माझे मत आहे.

लुबिच यांच्या चित्रपटात क्रॅलिक आणि क्लारा हे बुडापेस्टमधल्या माटुशेक यांच्या दुकानात काम करणारे दोन विक्रेते आहेत. दोघांचा मालक एक, दोघांना नोकरी जाण्याची धास्ती एकसारखी, आणि दोघांच्या हातून दिवसभर फिरणाऱ्या वस्तूही त्याच. त्यांचे वैर सुरू होते ते देखील एका वस्तूवरून. उघडताच 'ओची चोर्निया'ची धून वाजवणारी सिगारेटची पेटी दुकानात ठेवावी असे माटुशेक यांना वाटते. ती खपणार नाही असे क्रॅलिक तोंडावर सांगतो. तेवढ्यात नोकरी मागायला आलेली क्लारा तीच पेटी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारते. ती पेटी गोळ्या-चॉकलेटांसाठी आहे, आणि झाकण उघडताच वाजणारी धून 'आता पुरे' असे बजावते, अशी तिची थाप असते. क्लाराला नोकरी मिळते आणि क्रॅलिक मालकासमोर खोटा पडतो. पुढे त्या पेट्या खरोखरच पडून राहतात, हा भाग लुबिच जाता जाता दाखवतात, त्यावर बोट ठेवत नाहीत.

कॅफेत क्लारा त्याचा जो अपमान करते तो या पार्श्वभूमीवर ऐकायला हवा. तुमच्या आत डोकावले तर हृदयाच्या जागी हँडबॅग सापडेल, आत्म्याच्या जागी सुटकेस आणि बुद्धीच्या जागी न पेटणारा लायटर, असे ती म्हणते. हा सगळा दुकानातला माल आहे. सकाळ-संध्याकाळ ती स्वतःच तो विकत असते, त्यामुळे शिवी त्याला लागते तशी थोडी तिलाही लागते. त्यानंतर ती त्याला 'क्षुल्लक कारकून' म्हणते तेव्हा तर ती स्वतःच्याच पदाला नावे ठेवत असते. बिचारा क्रॅलिक त्या दिवशी कारकूनही उरलेला नसतो, कारण त्याच दिवशी त्याची नोकरी गेलेली असते.

एफ्रन यांनी हे वाक्य जाणीवपूर्वक पुन्हा वापरले आहे. कॅथलीन जोला सांगते की तुझ्या मेंदूच्या जागी गल्ला आहे आणि हृदयाच्या जागी नफ्यातोट्याचा आकडा. संवाद चटपटीत आहे, पण त्यातली कोणतीही वस्तू कॅथलीनची नाही. गल्ला त्याचा, नफा त्याचा. जुन्या वाक्यात दोघे एकाच काउंटरच्या एकाच बाजूला उभे होते. नव्या वाक्यात एक जण आत आहे आणि दुसरी दाराबाहेर ढकलली जाते आहे. नीरजा, तुम्हाला जी अस्वस्थता जाणवली तिचे मूळ मला इथे दिसते. समान पातळीवरच्या माणसाने काही काळ गुपित ठेवले तर ते चालून जाते. ज्याच्या हातात आधीच सगळी सत्ता आहे त्याने वर ज्ञानही स्वतःकडे ठेवले, की ती खोडी राहत नाही.

मुक्ता

श्रीरंग यांचे अपमानाच्या वाक्याबद्दलचे निरीक्षण मला मनापासून पटले, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटला नाही. जुन्या चित्रपटाला आपण फार सहज माफ करतो.

पहिली गोष्ट अशी की क्रॅलिक आणि क्लारा शेवटपर्यंत समान पातळीवर राहतच नाहीत. माटुशेक इस्पितळात असताना क्रॅलिकला दुकानाचा व्यवस्थापक नेमले जाते, आणि तिथून पुढे तो क्लाराचा वरिष्ठ असतो. म्हणजे ज्याला गुपित ठाऊक आहे तोच तिचा साहेबही आहे. दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर, आपण तुझ्या पत्रमित्राला भेटलो असे तो तिला सांगतो आणि पॉपकिन नावाचा एक लठ्ठ, टकला, बेकार माणूस तिच्यापुढे उभा करतो. तिची स्वप्ने तो एकेक करून तिच्या डोळ्यांदेखत मोडतो, ती काकुळतीला आल्यावर त्यांच्या पत्रव्यवहाराच्या टपालपेटी क्रमांक २३७ चा उल्लेख करतो, आणि आपण हसतो. का हसतो? स्टुअर्टचा आवाज मऊ आहे म्हणून, आणि क्लारा झालेल्या मार्गारेट सुलावनच्या चेहऱ्यावर निराशेबरोबरच हळूहळू एक वेगळीच शंका उमटत जाते म्हणून. तो अभिनयाचा विजय आहे. त्यावरून क्रॅलिकचे वागणे नैतिकदृष्ट्या स्वच्छ ठरत नाही.

आता एफ्रन यांच्या बाजूने. हा चित्रपट नोरा आणि त्यांची बहीण डेलिया या दोघींनी लिहिला, आणि तुम्हाला जे खटकले ते त्यांच्या नजरेतून सुटले होते असे मानायला जागा नाही. शेवटाकडे जो तिला विचारतो की त्या भेटीला न आलेल्या माणसाला तू माफ करू शकतेस, मग तुझे दुकान बंद पाडले या एवढ्याशा गोष्टीसाठी मला का नाही? 'एवढ्याशा' हा उपरोध आहे आणि बोलणाऱ्यालाही तो कळतो. शिवाय अपमान करण्याची हातोटी हा या चित्रपटात स्वतंत्र विषय आहे. नेमक्या क्षणी नेमके टोचणारे वाक्य आपल्याला कधी सुचत नाही, अशी कॅथलीनची तक्रार असते. तसे वाक्य सुचले की पाठोपाठ पश्चात्तापही येतो, असे जो तिला पत्रातून कळवतो. कॅफेत तिला ते वाक्य सुचते, ती ते बोलते, आणि नंतर तिला वाईट वाटते. क्लाराला असा पश्चात्ताप होताना आपण पाहत नाही. पुढे कॅथलीन सर्दीने आजारी असताना जो डेझीची फुले घेऊन येतो आणि ती पुन्हा काही बोचरे बोलणार तोच तिच्या ओठांवर हात ठेवतो, तेव्हा त्या हावभावाला मागच्या पत्राचा संदर्भ असतो. हे लेखन बारकाईचे आहे.

आणि शेवट. रिव्हरसाइड पार्कमधल्या बागेत ब्रिंकली हा कुत्रा आधी येतो, मागोमाग जो येतो, आणि 'तो तूच असावास असे मला फार वाटत होते' असे ती रडत रडत म्हणते. म्हणजे तिने त्याला आधीच, पत्रलेखकापासून वेगळा माणूस म्हणून, मनातल्या मनात निवडलेले असते. क्रॅलिकने क्लाराला पॉपकिनची भीती घालून जिथे आणले तिथे कॅथलीन स्वतःच्या इच्छेने पोहोचते. मला तरी नवा शेवट अधिक न्याय्य वाटतो.

गतकाल

थोडी पूर्वपीठिका सांगतो, कारण या दोन चित्रपटांच्या मध्येही बरेच काही घडले आहे. मूळ कथा मिक्लोश लास्लो यांच्या १९३७ च्या हंगेरियन नाटकातली आहे आणि त्या नाटकातले दुकान अत्तरे व प्रसाधनांचे आहे. लुबिच यांच्यासाठी पटकथा सॅमसन राफेलसन यांनी लिहिली. १९४९ मध्ये लुबिच यांचा चित्रपट काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओनेच 'इन द गुड ओल्ड समरटाइम' हा रंगीत संगीतपट काढला. त्यात ज्यूडी गार्लंड आणि व्हॅन जॉन्सन आहेत, स्थळ शतकाच्या सुरुवातीचे शिकागो आहे आणि दुकान वाद्यांचे आहे. १९६३ मध्ये ब्रॉडवेवर 'शी लव्ह्ज मी' हे संगीतनाट्य आले, त्यात दुकान पुन्हा अत्तरांचे झाले.

तुमच्या चर्चेच्या दृष्टीने १९४९ ची आवृत्ती पाहण्यासारखी आहे, उत्तम आहे म्हणून नव्हे, तर कथेतून काय काढले की काय कोसळते ते तिच्यात स्पष्ट दिसते म्हणून. लुबिच यांच्या चित्रपटात माटुशेक यांना आपल्या पत्नीचे दुकानातल्या कुणाशी तरी संबंध असल्याचा संशय येतो. तो संशय ते क्रॅलिकवर घेतात आणि त्याला काढून टाकतात. खरा दोषी वादास हा गोडबोल्या विक्रेता निघतो. १९४९ मध्ये हा सगळा भाग वगळला आणि त्या जागी मालकाच्या मौल्यवान व्हायोलिनचे प्रकरण घातले. मूकपटांतला विख्यात विनोदी नट बस्टर कीटन त्यावर पडतो, तो क्षण त्याच्याच ख्यातीला शोभेलसा आहे, पण व्हायोलिन मोडल्याचे दुःख विश्वासघाताच्या दुःखाची जागा घेऊ शकत नाही. चित्रपट गोड होतो आणि तेवढाच राहतो.

नीरजा

मुक्ता, पॉपकिनच्या प्रसंगाबद्दलचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. तो प्रसंग क्रूर आहे आणि लुबिच यांना तो क्रूर ठेवायचाच होता, असेही वाटते. तरीही दोघांच्या लपवण्यात मला एक फरक दिसतो. लपवलेली गोष्ट ठाऊक असताना नायक त्या ज्ञानाचे काय करतो, हा तो फरक आहे.

कॅफेच्या घटनेनंतर क्लारा टपाल कचेरीत जाते. कॅमेरा पेटी क्रमांक २३७ च्या आत आहे. हातमोजा घातलेला हात आत येतो, रिकाम्या तळावर चाचपडतो, मागे जातो, आणि त्या चौकटीत तिचा उतरलेला चेहरा दिसतो. हे दृश्य क्रॅलिक पाहत नाही, आपण पाहतो. दिग्दर्शकाने गुपित नायकाच्या हाती दिले, पण त्या गुपिताची किंमत प्रेक्षकाला दाखवून ठेवली. त्यानंतर क्रॅलिक तिच्या आजारपणात भेटायला जातो तेव्हा एक पत्र येते, ती ते त्याच्यासमोरच वाचते आणि खुलते, आणि आपले शब्द दुसऱ्या माणसावर काय परिणाम करतात हे त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघायला मिळते. त्या बिछान्याशेजारी बसलेल्या स्टुअर्टचा चेहरा पाहताना तो तिच्यावर डाव टाकतो आहे असे मला वाटत नाही. तो भारावून गेलेला आहे, थोडा घाबरलेलाही.

'यूव्ह गॉट मेल'मध्ये त्या रिकाम्या टपालपेटीच्या तोडीचे दृश्य मला आढळले नाही. जो तिच्याबरोबर फिरतो, तिच्या त्या अनोळखी मित्राविषयी तर्क लढवतो, तिला चिडवतो, भेट लांबवतो. हँक्स हे सगळे इतके लोभस करतात की आपण त्यांच्या बाजूला ओढले जातो, पण कॅमेराही सतत त्यांच्याच बाजूला असतो. कॅथलीनला एकटे पाहण्याचे माझ्या लेखी सर्वांत चांगले दृश्य प्रेमकथेच्या बाहेरचे आहे: दुकान बंद झाल्यावर ती फॉक्स बुक्सच्या बालविभागात बसलेली असते, कुणीतरी विक्रेत्याकडे 'शू' मालिकेची पुस्तके मागते, त्याला लेखिका ठाऊक नसते, आणि ती डोळे पुसत नोएल स्ट्रेटफील्ड हे नाव आणि कोणते पुस्तक आधी वाचावे हे सांगते. त्या अर्ध्या मिनिटात मेग रायनने जे केले आहे ते संपूर्ण उत्तरार्धात पुन्हा सापडत नाही. दुकान गेल्याचे दुःख चित्रपटाला ठाऊक आहे, फक्त ते दुःख आणि प्रेम एकाच खोलीत आणायला तो धजत नाही.

श्रीरंग

गतकाल यांनी माटुशेक यांचा विषय काढला हे फार बरे झाले, कारण माझ्या मते मूळ चित्रपटाचे वजन तिथे आहे. सत्य कळल्यावर माटुशेक आत्महत्येचा प्रयत्न करतात आणि पेपी हा दुकानातला पोऱ्या त्यांना वाचवतो. विनोदी प्रेमकथेच्या मध्यावर हे घडते. बावीस वर्षांच्या संसारानंतर पत्नीला आपल्याबरोबर म्हातारे व्हायचे नव्हते, असे ते एका ठिकाणी म्हणतात. फ्रँक मॉर्गन हे वाक्य ज्या साधेपणाने म्हणतात त्यामुळे शेजारीच चाललेल्या तरुण प्रेमाकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो: पत्रांतून सुरू झालेले हे दोघे बावीस वर्षांनी कुठे असतील?

लुबिच यांना दुकान आतून ठाऊक होते. बर्लिनमधल्या शिंप्याचा तो मुलगा, वडिलांच्या व्यवसायात काही काळ काम केलेला. म्हणूनच मालकाने 'तुमचे प्रामाणिक मत सांगा' म्हणताच फेलिक्स ब्रेसार्टचा पिरोविच जिन्याने पाय काढता घेतो, यासारखे तपशील अचूक पडले आहेत. याच पिरोविचकडे क्रॅलिक लग्नानंतरच्या खर्चाचा हिशेब विचारायला जातो. जेवणाची वेगळी खोली कशाला हवी, पाहुण्यांसाठी? तू काय राजदूत आहेस का? खरा मित्र जेवणानंतरच येतो. प्रेमाच्या गोष्टीत भाड्याचा आणि खोल्यांचा हिशेब इतक्या मायेने आलेला मला दुसरीकडे आठवत नाही. खुद्द पत्रव्यवहार सुरू होतो तोही जुना ज्ञानकोश विकत घेण्याच्या इच्छेतून, जाहिराती चाळताना.

एफ्रन यांच्या न्यूयॉर्कमध्ये भाड्याची चिंता कुणालाच दिसत नाही. दुकान बुडालेली कॅथलीनसुद्धा त्याच सुंदर घरात राहते आणि आपल्यालाही त्याचे काही वाटत नाही. मालकाची संपूर्ण कथा गाळल्यामुळे निर्माण झालेली पोकळी भरायला दोघांना एकेक जोडीदार दिला आहे. त्यातला टंकलेखनयंत्रांवर प्रेम करणारा स्तंभलेखक मजेशीर आहे, परंतु हे दोन्ही जोडीदार इतक्या सोयीने आणि हसतमुखाने बाजूला होतात की त्यांच्या असण्याने काहीच पणाला लागत नाही.

मुक्ता

घराच्या भाड्याबद्दल वाद नाही. पण एफ्रन यांनी पणाला काहीच लावले नाही, हे मला अन्यायकारक वाटते. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइड भागात मोठी पुस्तकदालने येत होती आणि जुनी दुकाने मिटत होती. ब्रॉडवेवरचे 'शेक्सपिअर अँड कंपनी' १९९६ मध्ये बंद झाले होते. त्या प्रेक्षकाला ही गोष्ट काल्पनिक नव्हती. नेहमीच्या प्रेमकथेत असे दुकान शेवटच्या क्षणी वाचते. इथे मोर्चे निघतात, वर्तमानपत्रांत लेख येतात, दूरदर्शनवर मुलाखती होतात आणि तरीही दुकान बंदच पडते. नायिकेला हरवून तिच्या हरण्याचा निकाल शेवटपर्यंत न बदलणे, हे मोठ्या स्टुडिओच्या नाताळातल्या चित्रपटात धाडसाचे आहे. लुबिच यांच्या शेवटी दुकानाची विक्रमी विक्री होते, माटुशेक बरे होऊन परततात, आणि एकाकी पडलेले ते म्हातारे गृहस्थ रूडी या नव्या पोऱ्याला हंसाच्या मेजवानीला घेऊन जातात. ते दृश्य मला अतिशय प्रिय आहे, पण दिलासा अधिक कोण देते, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बाजूने जात नाही.

एक गोष्ट मात्र त्या चित्रपटाला स्वतःलाही कळलेली नाही. जो आणि कॅथलीन ज्या इंटरनेटवरून प्रेमपत्रे पाठवतात त्याच इंटरनेटवरून पुस्तकांची विक्री त्या वेळी सुरू झालेली होती. अ‍ॅमेझॉनला १९९५ पासून गिऱ्हाइके मिळत होती, आणि पुढे बॉर्डर्स ही पुस्तकदुकानांची प्रचंड साखळी २०११ मध्ये संपली. फॉक्स बुक्सला गिळणारे यंत्र जोच्या मांडीवर उघडलेले आहे आणि तो त्यावर फुलांच्या जागी नव्याने टोक काढलेल्या पेन्सिलींचा गुच्छ पाठवण्याच्या गोष्टी लिहितो आहे. आज पाहताना त्याची सत्ता मला तितकी अढळ दिसत नाही, त्यामुळे नीरजा यांची अस्वस्थता मला काहीशी कमी जाणवत असावी.

गतकाल

सत्तेच्या समतोलाविषयी बोलतो आहोत तर १९४० च्या अगदी शेवटाकडेही पाहावे. क्रॅलिकने सगळे उघड केल्यावर क्लारा विरघळून त्याच्या मिठीत जात नाही. त्याचे पाय फेंगडे आहेत की काय, ही आपली जुनी शंका ती आधी फेडून घेते आणि त्याला विजार वर करायला सांगते. दुकानाचा व्यवस्थापक, ज्याला इतका वेळ सर्व काही ठाऊक होते, बंद दुकानात विजार गुडघ्यापर्यंत ओढून मोजे आणि त्यांचे पट्टे दाखवत उभा राहतो. ती तपासणी करते, आणि मगच चुंबन. पॉपकिनच्या क्रूरपणाची एवढी परतफेड लुबिच यांना पुरेशी वाटली. मुक्ता यांना ती पुरेशी वाटते का, हे त्यांनी सांगावे.

मुक्ता

अर्धी वाटते. विजार त्याने आधी वर करायला हवी होती, पॉपकिनचे नाव काढण्यापूर्वी.